पोरगा कुठे आहे? अटकेची नोंद शोधताना

(नशिराबाद येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ‘करिअर’वर बोलेन असं बहुतेकांना वाटलं असेल. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज वेगळ्याच एका शोधाबद्दल बोलणार आहे. घरातल्या कुणाला पोलिसांनी उचललं आणि तो कुठे आहे हे कळत नसेल, तर ते कसं शोधायचं? हे शाळेत शिकवत नाहीत, इंजिनिअरिंगलाही नाही. मीही एका वाईट आठवड्यात शिकलो.

२०१९च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा मामेभाऊ ट्रक चालवतो. रावेरहून केळी भरून वाशीच्या मार्केटला निघाला, आणि रात्री फोन बंद. सकाळी बंद, दुपारी बंद. ट्रकमालक म्हणे, गाडी पोहोचली नाही. मुमानी रडत होती. मामू दोन पुढाऱ्यांकडे जाऊन आले. पुढाऱ्यांनी आपापल्या ओळखीच्या साहेबांना फोन लावले, साहेब म्हणाले बघतो. मी पुण्यात नोकरीला. मुमानीनं मला फोन केला, “बेटा, तू तो कंप्युटर में काम करता है ना, देख ना वो कहाँ है.” मला वाटलं, तिला काय सांगू? कॉम्प्युटरमध्ये माणूस थोडाच सापडतो?

पण सापडला. तिसऱ्या दिवशी, रात्री दोन वाजता.

महाराष्ट्र पोलिसांचं सिटिझन पोर्टल आहे. त्यावर दाखल झालेले एफआयआर प्रकाशित होतात, आणि अटक केलेल्या आरोपींची यादीही पाहता येते. मी आधी नावानं शोधलं. काहीच नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, वडिलांचं नाव टाकून पाहिलं, तरी नाही. मग रस्त्याचा विचार केला. रावेर, जळगाव, धुळे, नाशिक, कसारा घाट, ठाणे. या वाटेवरची पोलीस ठाणी एका कागदावर लिहिली आणि त्या दोन तारखांचे एफआयआर ठाण्याठाण्याप्रमाणे उघडत गेलो. वीसेक ठाणी झाल्यावर एका अपघाताच्या गुन्ह्यात ओळख पटली, ती नावानं नव्हे, गाडीच्या नंबरानं. एमएच-१९. आरोपीच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘सदर ट्रकवरील चालक, नाव माहीत नाही.’

म्हणजे नावानं मी वर्षभर शोधलं असतं तरी तो सापडला नसता. नोंद होती, सरकारच्या वेबसाइटवर होती, फक्त तिच्यात त्याचं नाव नव्हतं. सकाळी त्या ठाण्यात फोन केला. ठाणे अंमलदार म्हणाले, “तुमचा माणूस होय? त्याला काल कोर्टानं जामीन दिला होता. जामीनदार कोणी आला नाही, म्हणून जेलला गेला.” कलम जामीनपात्र. जामीनदार उभा राहिला असता तर त्याच दिवशी सुटला असता. पण घरी कुणी कळवलंच नव्हतं. त्याचा मोबाइल पोलिसांकडे, आणि त्याला मुमानीचा नंबर पाठ नव्हता. आज आपल्यापैकी किती जणांना घरचा नंबर पाठ आहे, हात वर करा. बघा.

तर पहिली गोष्ट: शोध नावापासून सुरू करू नका. ठाणं आणि तारीख, या दोन गोष्टींपासून करा.

आपल्या नावांचं यात विशेष आहे, म्हणून जरा थांबतो. खानदेशात आपल्याकडे नाव लिहायची पद्धत ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी. आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा आडनाव, मग वडिलांचं नाव. सॉफ्टवेअरच्या फॉर्मला ही पद्धत समजत नाही. त्याला पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन डबे हवे असतात. भरणारा हवालदार घाईत असतो. कधी ‘शेख’ पहिल्या डब्यात जातो, कधी शेवटच्या. त्यात सय्यद, सैय्यद, सैयद, रफिक, रफीक, युनुस, युनूस, मोहम्मद, महंमद, मो. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ही सगळी वेगवेगळी माणसं. अटकेतल्या माणसानं नाव उर्दूत विचार करून सांगितलेलं असतं, हवालदारानं मराठीत ऐकून लिहिलेलं असतं, आणि आपण घरी आधार कार्डावरच्या इंग्रजी स्पेलिंगनं शोधत बसतो. नावानं शोधायचंच असेल तर नावाचा लहानात लहान, न बदलणारा तुकडा टाका, आणि वय, पत्ता, वडिलांचं नाव ताडून पाहा.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. आपल्याच गावात ‘शेख इरफान’ किती असतील? यादीत एक दिसला की व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि दुकानात बसलेल्या दुसऱ्याच इरफानला लोक विचारतात, “तू सुटलास कधी?” यावर पुढे बोलतो.

आता कायदा. मी वकील नाही. पण या यंत्रणेची रचना समजून घेतली आणि ती चांगली आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. अडतं ते अंमलबजावणीत आणि आपल्या अज्ञानात.

संविधानाचा अनुच्छेद २२ म्हणतो की अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, पसंतीचा वकील गाठू दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. डिसेंबर १९९६मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यात तपशील भरले. अटकेचा पंचनामा तिथेच व्हायला हवा. त्यावर वेळ आणि तारीख असावी, घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष असावी, अटक झालेल्याची सही असावी. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवलं पाहिजे. आणि अटकेची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला देऊन ती तिथल्या फलकावर लावली पाहिजे.

फलक! हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो होतो. पण ही फार मोठी गोष्ट आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २०१०पासून ४१-क हे कलम लागू झालं आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाबाहेर अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि अटक करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं लावणं कायद्यात आलं. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं ३७वं कलम आणखी पुढे जातं. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमायचा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठेवणं ही त्याची जबाबदारी. आणि ही माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे दाखवायची, डिजिटल पद्धतीनंसुद्धा. म्हणजे ठाण्यात जाऊन “तो अधिकारी कोण?” असं विचारणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. नम्रपणे विचारा, पण विचारा. अटकेची बातमी घरी कळवणं कलम ४८नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे आणि कुणाला कळवलं याची नोंद ठाण्यात ठेवावी लागते. तीही विचारता येते.

कारण नुसतं सांगून भागत नाही, ते लेखी द्यावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं गेल्या काही वर्षांत अनेकदा सांगितलं. नोव्हेंबर २०२५मध्ये, आपल्याच राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात, न्यायालय म्हणालं की ते कारण अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत हवं. माझे मामू उर्दू शाळेत शिकले. पोलिसी मराठी, ‘सदर इसम’, ‘नमूद घटनास्थळ’, ‘मिळून आला’, हे त्यांना आजही उमगत नाही. त्यांच्या पिढीसाठी हा निकाल किती कामाचा आहे, ते तुम्हीच ठरवा.

आता एफआयआरचं. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर ७ सप्टेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की एफआयआर २४ तासांच्या आत वेबसाइटवर टाकावा. जिथे इंटरनेटची अडचण आहे तिथे ४८ तास, फार तर ७२. मुमानीच्या प्रश्नाचं उत्तर मला रात्री दोन वाजता मिळालं ते या आदेशामुळे. अपवाद आहेत. लैंगिक गुन्हे, लहान मुलांवरचे अत्याचार, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे वेबसाइटवर दिसणार नाहीत. तिथे आरोपी किंवा त्याच्या वतीनं कुणी अर्ज करून प्रत मागू शकतं. म्हणून पोर्टलवर काही दिसलं नाही म्हणजे गुन्हा नाही, असं समजू नका.

आणि काही वेळा खरोखरच एफआयआर नसतो. शांतता भंगाच्या संशयावरून प्रतिबंधात्मक ताबा घेतात. गावाकडे आजही त्याला ‘१५१ खाली घेतलं’ म्हणतात, नव्या संहितेत ते कलम १७० आहे. सणाच्या आधी, मिरवणुकीच्या आधी आपल्या वस्त्यांत हा शब्द बराच ऐकू येतो. त्यात गुन्हा दाखल झालेला नसतो, त्यामुळे प्रकाशित एफआयआरमध्ये काही सापडत नाही.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे ‘चौकशीला नेलंय’. कागदावर अटक नाही, फलकावर नाव नाही, पोर्टलवर काही नाही, आणि माणूस ठाण्यात बाकावर. इथे माझं सॉफ्टवेअर थांबतं. इथे वही लागते. कोणत्या वेळी नेलं, कुठून नेलं, किती जण होते, गाडीचा नंबर, वर्दीत होते का, कुणी पाहिलं. हे त्याच रात्री लिहून ठेवा, कारण २४ तास कुठून मोजायचे याचा वाद पुढे होतो आणि तेव्हा कागदावरची वेळ आणि घरच्यांची वेळ जुळत नाही. मग लेखी अर्ज, ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना, ई-मेलनं, वेळेसकट. अर्जात त्या वेळचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा अशी एक ओळ जरूर घाला. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने जपायला सांगितलं आहे. तरीही पत्ता लागला नाही तर वकिलामार्फत उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे ‘माणूस समोर आणा’ अशी याचिका. आपल्या जळगाव-धुळ्यासाठी ते औरंगाबाद खंडपीठ.

माहिती अधिकाराचं लोक विचारतात. साधा अर्ज तीस दिवसांचा, पण माणसाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. शोधायला हा मार्ग मंदच आहे. पुढे भांडायला कागद म्हणून उपयोगी.

एकदा गुन्हा रजिस्टर नंबर हाती आला की पुढचं सोपं होतं. ई-कोर्ट्सच्या अॅपवर जिल्हा, पोलीस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून प्रकरण शोधता येतं. सापडलं की सीएनआर नावाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, कारण पुढची प्रत्येक तारीख त्यावर दिसते. अगदी पहिल्या रिमांडच्या दिवशी तिथे काही नसेल, तेव्हा कोर्टातच जावं लागतं. कोर्टात दोन शब्द ऐकाल: पीसीआर आणि एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस ठाण्यात. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस कारागृहात. हा फरक कळला नाही म्हणून आई ठाण्याबाहेर डबा घेऊन उभी आणि पोरगा जळगावच्या जिल्हा कारागृहात, असंही होतं. कारागृहातल्या भेटीसाठी ई-प्रिझन्सच्या वेबसाइटवर ई-मुलाकातची नोंदणी करता येते. तिथेही कैद्याचं नाव कारागृहाच्या नोंदीप्रमाणे लागतं, आपल्या आधारप्रमाणे नाही.

आणि वकील. कोठडीतल्या माणसाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्याचं उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर १५१००. मोबाइलमध्ये आत्ताच सेव्ह करा. मी थांबतो दोन मिनिटं.

झालं? बरं.

आता थोडं दूर जाऊ. माझ्या कामामुळे अमेरिकेतल्या लोकांशी रोज बोलणं होतं. तिथे जिल्ह्याला काउंटी म्हणतात आणि तुरुंग बहुधा तिथला शेरीफ चालवतो. लहानशा खेड्यापाड्यांच्या काउंटीतसुद्धा शेरीफच्या वेबसाइटवर आज तुरुंगात कोण आहे याची यादी असते. नाव, वय, आरोप, कधी आणलं, जामिनाची रक्कम, आणि पुष्कळ ठिकाणी फोटो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हेवा वाटला. मुमानीनं तीन दिवस रडावं लागलं नसतं.

मग त्याचं पुढचं रूप कळलं. या याद्यांतले फोटो गोळा करून खासगी वेबसाइट उभ्या राहिल्या. माणूस निर्दोष सुटला, खटला उभाच राहिला नाही, तरी नाव शोधलं की पहिला येतो तो तुरुंगातला फोटो. काढून टाकायचा तर पैसे द्या. शेवटी तिथल्या अनेक राज्यांना या धंद्याविरुद्ध कायदे करावे लागले. फोटो खणून काढणारा तो प्रोग्राम मी एका संध्याकाळी लिहू शकतो, तुमच्यातला कुणीही सहा महिन्यांत शिकू शकतो. म्हणूनच हे तुम्हाला सांगतोय.

आपल्याकडे ते काम व्हॉट्सअॅप ग्रुप करतात, आणि फुकट करतात. अटकेची नोंद सार्वजनिक ठेवण्यामागचं कारण काय? ज्याला पकडलं त्याला कुणी गायब करू नये. ती नोंद त्याच्या आईसाठी आहे, वकिलासाठी आहे. गल्लीच्या करमणुकीसाठी नाही. अटक म्हणजे शिक्षा नाही हे आपण भाषणात म्हणतो आणि घरी येऊन यादीचा स्क्रीनशॉट पुढे ढकलतो. दुसऱ्या समाजाच्या पोराचा असला तर जरा जास्तच उत्साहानं. तेही आपलंच पाप आहे, ते त्यांच्या ग्रुपवर घालू नका.

मालेगावला २००६मध्ये बॉम्बस्फोट झाले. मुस्लिम तरुण पकडले गेले, त्यांची नावं आणि फोटो देशभर छापून आले. पाच वर्षं तुरुंगात गेली, २०११मध्ये जामीन, आणि २०१६मध्ये विशेष न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती. आरोपमुक्त झाल्याची किती जणांनी वाचली? तुमच्यातल्या बहुतेकांनी आज पहिल्यांदा ऐकली असेल.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी महाराष्ट्रातल्या कारागृहांतल्या मुस्लिमांचा अभ्यास केला होता. लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कारागृहातलं आपलं प्रमाण बरंच जास्त, हे त्यातून पुढे आलं. यावर रागावणं सोपं आहे. काही राग रास्तही आहे. पण माझ्या मामेभावाचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्याच्या कारागृहात जाण्यात कुणाचा द्वेष नव्हता. जामीनपात्र गुन्हा होता, आणि बाहेर जामीनदार नव्हता, कारण घरी खबर नव्हती. आकड्यांत तोही एक मुस्लिम कच्चा कैदी म्हणूनच मोजला गेला असेल.

अल्पवयीन मुलांबद्दल एकच सांगतो. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळासमोर नेतात, आणि त्याची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे त्याचं नाव फॉरवर्ड करणाऱ्यालाही लागू आहे. तेव्हा वयाचा पुरावा, शाळेचा दाखला, घरात कुठे ठेवलाय ते माहीत असू द्या.

शेवटी एक नाजूक गोष्ट. पोरगं हरवलं तर आपण मशिदीच्या भोंग्यावरून सांगतो, सगळा मोहल्ला शोधायला निघतो. पोरगं पोलिसांनी नेलं तर दार लावून घेतो. लाज वाटते. भाऊबंदांना कळू नये, ठरलेलं लग्न मोडू नये. आमच्याकडेही पहिला पूर्ण दिवस त्यातच गेला. मामूंनी मला फोन करायलासुद्धा मुमानीला मना केलं होतं, हे तिनं नंतर सांगितलं. तिनं ऐकलं नाही म्हणून बरं. पहिले २४ तास सगळ्यात मोलाचे असतात, कारण त्यांच्या शेवटी दंडाधिकारी असतो, आणि त्याच्यासमोर घरचं माणूस उभं असलं की चित्र बदलतं. मारलं का, खायला दिलं का, वकील आहे का, हे तिथे बोलता येतं.

माझा मामेभाऊ पाच दिवसांनी सुटला. आता तो ट्रकच्या कागदपत्रांच्या फायलीत आतल्या बाजूला मुमानीचा, माझा आणि मालकाचा नंबर मार्करनं लिहून ठेवतो. फोन गेला तरी फाइल असते, म्हणतो.

आता पडद्यावर पोर्टल उघडतो. कुणाचंही नाव शोधायचं नाही. ठाणं निवडायचं, तारीख टाकायची, आणि आलेल्या एफआयआरमध्ये कलम, वेळ आणि तपासी अधिकारी कुठे लिहिलेला असतो तेवढंच पाहायचं. मागच्या रांगेतल्यांनी पुढे या, अक्षरं बारीक आहेत.